वल्हं तरंगतं कशामुळे? थोडी पार्श्वभूमी

मागच्या हिवाळ्यात ऐरोलीला खाडीत भाड्याचे कयाक, म्हणजे बसून वल्हवायच्या छोट्या अरुंद होड्या, घेऊन गेलो होतो, परत यायला उशीर झाला, ओहोटी लागली आणि मित्राच्या हातातून पॅडल, म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं, सुटलं. आडवं तरंगेल असं वाटलं होतं पण एक टोक बुडायला लागलं आणि बघता बघता ते उभंच झालं, वरचं पातं माझ्या हाताला लागलं म्हणून वाचलं. किनाऱ्यावर दिवा कोळीवाड्यातले एक काका जाळं आवरत होते, त्यांनी ते पॅडल घेतलं, कानाशी धरून हलवलं आणि म्हणाले, "पानी हाय यात." खरंच, दांड्यात डुचमळल्याचा आवाज येत होता. त्यांचं स्वतःचं वल्हं भरीव लाकडाचं, त्यात पाणी शिरायला जागाच नाही.

आणि कयाकच्या पॅडलची सुरुवात पण अशाच भरीव लाकडापासून झाली. ग्रीनलंडमध्ये मोठी झाडं नाहीत, तिथल्या इनुइट लोकांना लाकूड मिळायचं ते सायबेरियातल्या नद्यांतून समुद्रात येऊन बर्फाबरोबर वाहत आलेलं. स्प्रूस, लार्च, पाइन असली लाकडं, पाण्याच्या साधारण निम्म्या वजनाची. त्यातून ते लांब, अरुंद पात्याचं पॅडल तासायचे, पातं जेमतेम मुठीत मावेल एवढं रुंद, आणि टोकांना बर्फाने झिजू नये म्हणून हाड बसवायचे. ते नुसतं पुढे जायला नव्हतं. कयाक उलटला तर हेच पॅडल पाण्याच्या वर यायला बघतं, त्याचा आधार घेऊन माणूस परत सरळ होतो. म्हणजे तरंगणं आणि वल्हवणं ही दोन्ही कामं एकाच लाकडात होती, मला तरी ही सगळ्यात हुशार डिझाइन वाटते.

युरोपात 1907 पासून घडीचे कयाक विकायला लागले, 1927 साली ऑस्ट्रियाच्या हान्स पावलाटाने वर्णनं वाचून तो उलटून सरळ होण्याचा प्रकार जमवला, आणि 1936 ला बर्लिन ऑलिम्पिकमध्ये कयाकिंगला पदकं मिळायला लागली. आता शर्यत आली म्हणजे वेग आला, आणि पातं रुंद, खोलगट होत गेलं.

नंतर मटेरियल बदललं आणि खरी गंमत इथेच आहे. ॲल्युमिनियम पाण्याच्या 2.7 पट जड, फायबरग्लास दुपटीच्या जवळपास, कार्बन फायबर साधारण 1.6 पट, म्हणजे ह्यातलं एकही स्वतःहून तरंगत नाही! तरंगते ती आतली हवा. दांड्यात लिटरभर हवा कोंडलेली असते, टोकाला फोमचं बूच असतं, ते सैल झालं किंवा दांड्याचे दोन तुकडे जोडतात तिथल्या बटणाच्या भोकातून पाणी शिरलं की हवेची जागा पाणी घेतं आणि पॅडल बुडतं. आमचं तेच झालं होतं. महागड्या पॅडलच्या पात्यात पण आत फोम असतो, त्याने पातं हलकं होतं आणि वर पण राहतं.

हलकेपणाचा फायदा मात्र खरा आहे. भाड्याचं ॲल्युमिनियमचं पॅडल किलोभर किंवा जास्तच, कार्बनचं 700 ग्रॅमच्या आसपास, मिनिटाला 50 वेळा हात फिरला तर तासाला 3000 वेळा ते जास्तीचं वजन उचलायचं, मग खांदे भरून येणारच. पण वेगात सगळ्यात मोठी उडी वजनामुळे नाही तर आकारामुळे आली. 1980 च्या दशकात स्वीडनमध्ये विंग पॅडल निघालं, पातं विमानाच्या पंखासारखं वळवलेलं. साधं पातं मागे ओढलं की पाण्यात थोडं घसरतं, तेवढी ताकद फुकट. विंगचं पातं कयाकपासून बाहेरच्या बाजूला सरकत जातं, त्यावर पंखासारखा जोर तयार होतो आणि मागे घसरणं कमी होतं. शर्यतीत आज तेच चालतं.

आपल्या खाडीत मी कार्बन नेणार नाही. ओहोटीला गाळात रुतलो की पॅडलनेच रेटा द्यावा लागतो, आणि पुलाच्या खांबांवर कालवं चिकटलेली असतात, त्यावर कार्बनची कड आपटली तर टवका उडतो. प्लॅस्टिकचं पातं तेवढं सोसतं.

आता भाड्याचं पॅडल हातात आलं की आधी कानाशी धरून हलवतो, मग धक्क्यापाशी गुडघाभर पाण्यात सोडून बघतो, एक टोक कललं तर सरळ दुसरं मागतो.