मोठा मॅगेलनी मेघ : ताऱ्यांच्या पिढ्या व ताराजननाचा इतिहास

आकाशगंगेजवळची लहान दीर्घिका (ताऱ्यांचा प्रचंड समूह). अंतर सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षे. क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) जवळजवळ −७०° असल्याने पणजीहूनही हा मेघ क्षितिजावर जेमतेम ५° चढतो, त्यामुळे पाहायचा तर दक्षिणेलाच जावे लागते. यातले तारे सुटेसुटे मोजता येत असल्याने दीर्घिकेत तारे कधी आणि किती जन्मले, हे येथे थेट तपासता येते.

त्यासाठी दोन फिल्टरांतून प्रतिमा घेऊन प्रत्येक ताऱ्याचा रंग आणि प्रत (तेजस्वितेचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद) आलेखावर मांडतात. मुख्य अनुक्रम (गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांचा आलेखावरचा पट्टा) जिथे तांबड्या राक्षसी ताऱ्यांकडे वळतो, त्या वळणावरून वय ठरते. सर्वांत जुन्या ताऱ्यांचे वळण येथे सुमारे २२.५ प्रतीला येते; प्रतिमा त्याहून निदान एक-दीड प्रत खोल हवी. तेवढी नसेल तर भिस्त राक्षसी ताऱ्यांवर राहते, आणि तिथे घोळ होतो: वय वाढले तरी तारा लाल, धातू (खगोलशास्त्रात हेलियमहून जड सर्व मूलद्रव्ये) वाढले तरी लाल. मग निरनिराळ्या वयांच्या कल्पित ताऱ्यांत जोडतारे, धूळ व मोजणीतल्या चुका मिसळून असे मिश्रण शोधतात, की आलेखाच्या चौकटीचौकटीतली संख्या जुळावी. मेघाच्या मधल्या पट्ट्यात दाटी फार. दोन मंद तारे एकात मिसळून तेजस्वी दिसतात आणि जुनी पिढी उगाच तरुण ठरते. म्हणून माहीत असलेल्या प्रतीचे कृत्रिम तारे प्रतिमेत पेरून त्यांतले किती परत सापडतात हे पाहतात. ही पायरी गाळलेल्या निष्कर्षांवर विसंबू नये.

सर्वांत जुनी पिढी १२-१३ अब्ज वर्षांची : आर. आर. लायरी प्रकारचे रूपविकारी (तेज कमीजास्त होणारे) तारे आणि पंधराएक गोलाकार तारकागुच्छ. पुढे सुमारे १० ते ३ अब्ज वर्षांपूर्वीच्या काळातले गुच्छ जवळपास नाहीतच. ठळक अपवाद ईएसओ १२१-०३. सुट्या ताऱ्यांत मात्र अशी पोकळी नाही, जन्मदर फक्त मंदावलेला दिसतो. गुच्छ विस्कटून गेले म्हणावे, तर शेजारच्या लहान मॅगेलनी मेघात त्याच वयाचे गुच्छ शाबूत आहेत. तेव्हा केवळ गुच्छांवरून दीर्घिकेचा इतिहास लिहिणे धोक्याचे.

३-४ अब्ज वर्षांपूर्वी जन्मदर पुन्हा वाढला. लहान मेघाशी झालेल्या जवळिकीला त्याचे श्रेय सहसा देतात. आजच्या ताऱ्यांतले धातुप्रमाण सूर्याच्या निम्म्याच्या आसपास, जुन्या गुच्छांत मात्र काही टक्केच. मोठ्या मेघातल्याच टॅरंटुला या तेजोमेघातल्या (वायू व धुळीच्या ढगातल्या) आर१३६ गुच्छाचे वय अवघे १०-२० लाख वर्षे असून त्यात सूर्याच्या शंभरपटीहून जड तारे आहेत.