आगवळीचं सूत आणि आखडणारे केस

मृग लागला की आमच्या यवतमाळकडच्या गावात दोन गोष्टी बरोबरच होतात. दाराची फळी फुगून चौकटीत अडकते आणि कुरळ्या केसांच्या पोरींच्या वेण्या चार बोटं वर चढतात. एप्रिल-मेच्या ४५ अंशांच्या कोरड्या उन्हात ओल्या वेणीत वाळलेले केस दिवसचे दिवस तसेच लांब राहतात. पहिली सर आली, हवा दमट झाली, की पुन्हा आपल्या मूळच्या वळणावर.

केस हवेतलं पाणी पितो, हे जुनं ज्ञान आहे. जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञानं १७८३ मध्ये माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाची माहिती प्रसिद्ध केली. अगदी कोरड्या हवेतून अगदी दमट हवेत नेलेला केस शेकडा दोन-अडीचनं लांबतो, त्यावर ते यंत्र चालतं. कुरळ्या केसाचंही तसंच होतं, पण त्याला त्याच वेळी आपलं वळणही परत मिळतं, म्हणून डोळ्यांना तो आखडलेला दिसतो. खूप बारीक कुरळे केस ओढून मोजले तर जेवढे भरतात, त्याच्या निम्मेही दिसत नाहीत.

केस ज्या प्रथिनाचा बनतो त्या केराटिनमध्ये दोन तऱ्हेचे बंध महत्त्वाचे. गंधकाचे बंध पक्के असतात. त्यांना तोडायला रसायन लागतं. हायड्रोजनचे बंध मात्र पाण्यानं सुटतात आणि केस वाळताना, तो ज्या आकारात धरलेला असेल त्या आकारात, पुन्हा जुळतात. ओला केस ताणून बांधा, पूर्ण वाळू द्या, मग सोडा: इस्त्रीविना केस लांबवण्याच्या साऱ्या पद्धती एवढ्यावरच उभ्या आहेत. पुन्हा ओल लागली की बंध सुटतात. त्यामुळे यात केसाचं कायमचं काही बिघडत नाही, आणि मला ही या पद्धतीची सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

ही विद्या सर्वांत बारकाईनं जपली ती पश्चिम आफ्रिकेतल्या बायकांनी. नायजेरियातल्या योरुबा समाजात केसांच्या बटा मुळापासून टोकापर्यंत दोऱ्यानं गुंडाळतात. त्याला ‘इरुन किको’ म्हणतात. दोऱ्यात बांधलेली बट काडीसारखी ताठ उभी राहते, तिला वाकवून कमानी आणि मनोरे करतात, आणि दोरा सोडला की केस लांब, मोकळे. म्हणजे केशरचना आणि केसांची निगा एकाच बैठकीत. जे. डी. ओखाई ओजेइकेरे या नायजेरियन छायाचित्रकारानं १९६८ पासून तिथल्या केशरचनांची सुमारे हजार चित्रं टिपली. त्यातल्या दोऱ्याच्या रचना पाहिल्या की हे किती कसबाचं, शिकून येणारं काम आहे ते कळतं.

गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या बायकांनी ते तिथंही सोडलं नाही. आठवडाभर केस दोऱ्याच्या तुकड्यांनी बांधून वर फडकं गुंडाळायचं आणि रविवारी सोडायचं, अशा आठवणी गुलामगिरीतून सुटलेल्या म्हाताऱ्या माणसांनी १९३०च्या दशकात सांगितल्या आणि त्या लिहून ठेवल्या गेल्या. दिवसभर कापूस वेचणारे हात आणि डोक्याला सूत. हे वाचताना मला वऱ्हाड आठवल्याशिवाय राहत नाही. १८६१ ते १८६५ या तिथल्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडला, तेव्हाच मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीकडे वळली. १८७० मध्ये खामगावला कापसासाठी रेल्वेचा फाटा आला.

उष्णतेची वाट निराळी. पॅरिसच्या मार्सेल ग्रातोनं १८७२ च्या सुमारास तापलेल्या चिमट्यानं केसांना लाटा पाडायला सुरुवात केली. पुढं तापवलेली फणी अमेरिकेतल्या काळ्या बायकांच्या स्वयंपाकघरात शिरली, मॅडम सी. जे. वॉकर यांच्या केसांच्या प्रसाधनांच्या धंद्यानं विसाव्या शतकाच्या आरंभी तिचा मोठा प्रसार केला. मग रसायनं आली. १९६०च्या दशकात ‘काळं ते सुंदर’ म्हणत मूळचे केस राखण्याची चळवळ उभी राहिली, आणि २०००नंतर इंटरनेटवर ती पुन्हा बहरली. तेव्हाच दोरा, वेण्या, ठरावीक अंतरावर बांधलेले रबर, छोटे बुचडे या जुन्या पद्धती नव्यानं शिकवल्या जाऊ लागल्या. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं केसांच्या ठेवणीवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध कायदा केला. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं ३३,४९७ स्त्रियांचा अभ्यास मांडला: केस सरळ करणारी रसायनं वारंवार वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळलं. त्यानं कारण सिद्ध होत नाही, पण तालुक्याच्या पार्लरपर्यंत ही रसायनं पोचलेली असताना ते माहीत असायला हवं.

आमच्याकडचे केस आफ्रिकेतल्या इतके बारीक कुरळे क्वचितच असतात. पण आगवळ, म्हणजे वेणीत गुंफून बांधायचा सुताचा दोरा, होती. आजी पाट मांडून हाक मारायची, “ये व बाई, वेणी घालून देतो.” ओलसर केसांना जवसाचं नाहीतर खोबऱ्याचं तेल, मग पेडात आगवळ गुंफून टोकाशी गाठ. केस लांबवायचे असं तिच्या मनात नव्हतं. गुंता होऊ नये एवढंच. तरी रविवारी वेणी सोडली की केस पाठीवर सरळ उतरायचे, हे तिनंही पाहिलं होतं.

गुंत्याची भीती खरी होती. कुरळे केस न विंचरता राहिले तर त्यांची जट होते, आणि जट झाली की ती देवीची म्हणून कापू देत नाहीत. कितीतरी बायांनी ते ओझं मानेवर जन्मभर वाहिलं. शाळेत अशा केसांच्या पोरीला ‘झिपरी’ म्हणायचे ते निराळंच. मीही ते ऐकलंय, आणि त्या एका शब्दापायी तापलेल्या इस्त्रीखाली डोकं दिलं. २०० अंशांच्या पुढं केराटिनची घडी मोडते, आणि ती पुन्हा बसत नाही. माझ्या कपाळाजवळच्या बटा कित्येक महिने गवतासारख्या राहिल्या.

आता माझी भाची जवस पाण्यात उकळून त्याचा बुळबुळीत गर फडक्यातून गाळून घेते, ओल्या केसांना लावते आणि सहा-आठ पेडांना गुळगुळीत दोरा गुंडाळते. मुळाशी हात सैल ठेवते, कारण रोज घट्ट ओढलं तर कपाळाकडचे केस मुळापासून जातात. उन्हाळ्यात दोन-तीन तासांत वाळतं. श्रावणात मात्र रात्रभर बांधूनही आत ओल राहते, तेव्हा ती दोरा सोडतच नाही, तशीच शाळेत जाते.