दोन सूर्योदयांचा दाखला

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियातले पर्थ आणि सिलोन (आजची श्रीलंका) यांच्यामध्ये विमानाने जाणाऱ्या मोजक्या लोकांना क्वांटास ही ऑस्ट्रेलियन विमानकंपनी एक प्रमाणपत्र देत असे. धारक ‘दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा’चा सभासद झाला आहे आणि तो सलग चोवीस तासांहून अधिक वेळ हवेत होता, असा त्याचा आशय. मंडळ गुप्त आणि सभासदत्वाचा दाखला मात्र भिंतीवर टांगण्याजोगा, ही गंमत कंपनीने अर्थातच जाणूनबुजून केलेली.

अशा दाखल्यांची रीत मूळची जहाजांवरची. पहिल्यांदा विषुववृत्त ओलांडणाऱ्याला समुद्रदेव नेपच्यूनच्या लुटुपुटीच्या दरबारात उभे करायचे, यथेच्छ भिजवायचे आणि शेवटी प्रमाणपत्र हाती द्यायचे. विमानकंपन्यांनी थट्टामस्करी वगळून फक्त कागद उचलला. पॅन ॲमने १९३६ मध्ये पॅसिफिकपार प्रवासी नेणे सुरू केले. पुढे वाररेषा ओलांडणाऱ्यांना तिच्याकडून सूर्यदेव फीबस अपोलोच्या राज्यात प्रवेश केल्याचा दाखला मिळू लागला. हे सगळे दाखले नकाशावरची एखादी रेघ ओलांडल्याचे होते. क्वांटासचा दाखला मात्र हवेत काढलेल्या वेळेचा होता, आणि त्यामागे जपानी सैन्य होते.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि ऑस्ट्रेलियाहून भारतमार्गे इंग्लंडला जाणारा हवाई रस्ता मधोमध तुटला. उरला तो थेट हिंदी महासागरावरून जाण्याचा मार्ग. पर्थच्या स्वान नदीपासून गॉलजवळच्या कोग्गला सरोवरापर्यंत सुमारे ५,६५० किलोमीटर, वाटेत उतरायला जागा नाही. त्यासाठी पाच कॅटालिना विमाने मिळाली. पाण्यावर उतरणारी, भरवशाची, पण ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास रेंगाळणारी. एवढा पल्ला गाठायचा तर जादा टाक्या बसवून जवळपास ९,००० लिटर इंधन भरावे लागे. वजन वाचवायला आतले अस्तर आणि बर्फरोधक यंत्रणा काढून टाकली. एवढे करून जागा उरली ती तीन प्रवाशांना आणि ६९ किलो टपालाला. टपालही बरेचसे सरकारी आणि लष्करी, सूक्ष्मचित्रफितीवर उतरवलेले.

विमानांना ताऱ्यांची नावे होती: अल्टेअर, व्हेगा, रायजेल, अँटारेस आणि स्पायका. आपल्या पंचांगातले श्रवण, अभिजित, ज्येष्ठा आणि चित्रा यांतच आहेत. नावे हौसेपोटी दिलेली नव्हती. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून वायरलेस बहुतेक वेळ बंद ठेवावा लागे, आणि मग दिशा शोधायची ती ताऱ्यांवरूनच. जपानी विमानांच्या टापूतून रात्रीच्या अंधारात जाता येईल, असे वेळापत्रक आखलेले. कॅटालिनाकडे शस्त्रे नव्हती आणि पळून जाण्याइतका वेगही नव्हता. उड्डाणानंतरच्या पहिल्या काही तासांत, टाक्या भरलेल्या असताना, एक इंजिन बंद पडले असते तर दुसऱ्याच्या जोरावर एवढे वजन हवेत टिकले नसते.

प्रवास वाऱ्यानुसार २७ ते सुमारे ३२ तासांचा. सर्वांत लांबलेले उड्डाण ३२ तास ९ मिनिटांचे. त्यामुळे एकाच उड्डाणात दोनदा सूर्य उगवताना दिसे. बसायला अडचण, थंडी आणि इंजिनांचा अखंड घरघराट. हे सोसणारे प्रवासी मुख्यतः लष्करी अधिकारी आणि सरकारी कामावरची माणसे. प्रमाणपत्राचा खेळकर मजकूर वाचताना यातले काहीच जाणवत नाही. मला तर त्या खेळकरपणातच कंपनीचा शहाणपणा दिसतो. धोक्याबद्दल बोलायचे नाही आणि मार्गाबद्दल बोलायला बंदी, मग प्रवाशाच्या हाती द्यायचे काय? सूर्योदयांची संख्या तेवढी निर्धोकपणे सांगता येत होती.

१९४३ च्या अखेरीस सेवा सिलोनहून पुढे कराचीपर्यंत वाढली, म्हणजे तिथे लंडनकडच्या विमानांशी थेट सांधा जुळला. जुलै १९४५ मध्ये कॅटालिना थांबल्या, तोवर महासागराच्या २७१ फेऱ्या झाल्या होत्या. या मार्गावर एकही विमान किंवा प्रवासी गमावला नाही. युद्ध संपल्यावर मात्र अमेरिकेशी झालेल्या उधार-पट्टा (युद्धसाहित्य उसने घेण्याच्या) कराराच्या अटींमुळे पाचही विमाने समुद्रात बुडवण्यात आली.

दाखल्याची अट मात्र त्याआधीच मोडीत निघाली होती. १९४४ मध्ये याच महासागरावर लिबरेटर विमाने आली. ती हे अंतर सुमारे १७ तासांत कापत. चोवीस तासही भरत नसत, तर दोन सूर्योदय कुठले? क्वांटासने लगेच नवे मंडळ काढले, ‘सर्वांत लांब उडीचे उच्च मंडळ’. या सेवेला कांगारू नाव मिळाले आणि लिबरेटरवर कांगारूचे चित्र रंगवले गेले. क्वांटासच्या विमानांवर तो प्राणी प्रथम दिसला तो इथेच. डिसेंबर १९४७ मध्ये कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान सिडनीहून लंडनला निघाले ते डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असे थांबे घेत. तोवर सिंगापूर पुन्हा मोकळे झाले होते आणि महासागर एका दमात ओलांडण्याची गरज उरली नव्हती.