कार्व्ह आणि ग्राफ एकाच घरचे

ग्राफ म्हटलं की गणिताची वही आठवते आणि कार्व्ह म्हटलं की छिन्नी-हातोडा. पण हे दोन्ही शब्द भाऊभाऊ आहेत, आणि हे नुसतं ऐकायला छान वाटतं म्हणून नाही म्हणत, ते नियमाने दाखवता येतं. मला तर हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

ग्रीकमध्ये ग्राफेइन म्हणजे लिहिणं, आणि त्याच्याही आधी ओरखडणं, कोरणं. जुन्या इंग्रजीत कार्व्ह म्हणजे काहीही कापणं, पुढे कट हा शब्द आला, रोजचं कापणं त्याच्याकडे गेलं आणि कार्व्हकडे मुख्यतः दगड, लाकूड, शिजवलेलं मांस एवढंच उरलं. आता ग्रीकमधल्या ग च्या जागी इंग्रजीत क कुठून आला? गुडघ्याचा शब्द बघा. संस्कृतात जानु, ग्रीकमध्ये गोनु आणि इंग्रजीत नी, ज्याचं स्पेलिंग के ने सुरू होतं, तो के आज मुका आहे पण पूर्वी लोक तो चक्क उच्चारायचे. म्हणजे गोनुला जसा क्नी, तसाच ग्राफला कार्व्ह. याकोब ग्रिम यांनी (परीकथावाले ग्रिम बंधू, त्यातलेच एक) १८२२ मध्ये असे बदल नियम म्हणून मांडले.

लिहिणं आणि कोरणं असं जागोजागी एकत्र सापडतं. लिहिण्याचं राइट म्हणजे आधी ओरखडणं, कॅरेक्टर म्हणजे कोरलेली खूण, हायरोग्लिफ (जुन्या इजिप्तची चित्रलिपी) म्हणजे पवित्र कोरीवकाम. स्टॅच्यू मात्र वेगळा, त्यात कापणं नाहीच, ते लॅटिनमधल्या उभं राहण्याच्या क्रियापदावरून आलंय, म्हणजे आपल्या स्थापनेतलं स्था तेच.

सिन्सियरची गोष्ट तुम्हीही ऐकली असेल, की लबाड शिल्पकार दगडाच्या भेगा मेणाने बुजवायचे म्हणून 'मेणाशिवाय' म्हणजे प्रामाणिक. गोष्ट गोड आहे पण खरी नाही. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ शुद्ध, भेसळ नसलेला एवढाच होता, मेणाची गोष्ट नंतर कोणीतरी जोडली. अशा गोष्टी पुढे पाठवण्याआधी थोडं तपासलं पाहिजे, कारण खरी व्युत्पत्ती बहुतेक वेळा जास्त मजेदार निघते.

उदाहरणार्थ मार्बल. ग्रीक मार्मारोस, लॅटिनमध्ये मार्मोर, फ्रेंचमध्ये मार्ब्र. एका शब्दात दोन र जवळजवळ आले की जीभ अडखळते, म्हणून इंग्रजीत दुसऱ्या र चा ल झाला. तोच ग्रीक शब्द फारसीत मरमर झाला, पुढे संग म्हणजे दगड लागला, संग-ए-मरमर, आणि मराठीत येईपर्यंत त्यातल्या दुसऱ्या म चा व होऊन संगमरवर. एकदा मार्बल आणि मग मरवर असं मोठ्याने म्हणून बघा, दोघांचं तोंड अजून सारखंच आहे.