बॅक कॉम्प्रेशन

सिलिंडरमधला जळता वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये (क्रँक आणि ऑइल असलेल्या इंजिनाच्या खालच्या पेटीत) उतरतो, त्याला गॅरेजच्या भाषेत बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. थोडा वायू प्रत्येक इंजिनात उतरतोच, अगदी कोऱ्या इंजिनातही. रिंगेच्या तोंडाशी फट ठेवावीच लागते. ती नसेल तर तापून फुगलेल्या रिंगेची टोके एकमेकांना भिडतील आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) ओरखडेल. म्हणून वायू येतो का, यापेक्षा तो किती येतो आणि आलेल्याला बाहेर पडायला वाट मोकळी आहे का, हे पाहायचे असते. इंजिनकाम करून आणलेल्या गाडीचा ब्रीदर (क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणारी वाट) धूर सोडू लागला की ‘रिंगा बसल्या नाहीत’ हा निकाल फार लवकर दिला जातो. इंजिन पुन्हा खोलण्याआधी वाट तपासणे स्वस्त पडते.

पूर्वी ही वाट म्हणजे गाडीखाली सोडलेली एक नळी असे; वाफा थेट रस्त्यावर जात. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे 1961 च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांत या वाफा पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसचा वायू मोजून सोडणाऱ्या झडपेतून) पुन्हा इंजिनाच्या हवेत ओढल्या जाऊ लागल्या. त्यामुळे आजच्या गाडीत दाब वाढला की ऑइल एअर फिल्टरच्या पाइपात सापडते, डिपस्टिक आपोआप वर सरकते आणि नवी क्रँक सील गळू लागते. सील पुन्हा बदलून उपयोग नसतो. डिझेलमध्ये धोका अधिक: ब्रीदरमधून ओढलेल्या ऑइलवरच इंजिन पळत सुटू शकते आणि मग चावी बंद करूनही थांबत नाही, हवा कोंडावी लागते.

तपासणीची पहिली पायरी म्हणजे इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचे झाकण सैल करून भोकावर नुसते टेकवणे. पेट्रोल गाडीत ते किंचित आत ओढले गेले तर वाट ठीक आहे. डिझेलवर ते थोडे थरथरणारच. नाचत उडून पडले तर पुढे तपासावे. थंडीच्या सकाळी ब्रीदरमधून दिसणारा पांढरा धूर नुसती पाण्याची वाफही असू शकते. त्यावर थंड पाना धरावा: पाणी सुकून जाते, ऑइलचा चिकट थर राहतो. याहून नेमके मोजायचे तर पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’सारखी वाकवून अर्धी पाण्याने भरावी व एक टोक डिपस्टिकच्या नळीत घट्ट बसवावे. चांगल्या पेट्रोल इंजिनात आयडलवर पाणी इंजिनाकडे सरकते.

मग ब्रीदरचा पाइप काढून पाहावे. तो काढताच दाब उतरला तर दोष वाटेत आहे: चोंदलेला पीसीव्ही, पिचकलेला होज, गॅसकेटच्या लगद्याने बुजलेले भोक किंवा जोडताना टॅपेट कव्हरमध्ये (इंजिनाच्या वरच्या झाकणात) बसवायची राहिलेली, ऑइलचे शिंतोडे अडवणारी आडपट्टी. आडपट्टी नसेल तर दाब नसतानाही ऑइलचे थेंब वाफेबरोबर निघतात. ऑइल खुणेच्या वर भरले असेल तरी तेच होते. डिझेलमध्ये टर्बो, व्हॅक्यूम पंप आणि ट्रक-बसचा एअर कंप्रेसर हेही क्रँककेसमध्ये हवा ढकलू शकतात. तेव्हा रिंगांना दोष देण्याआधी त्यांनाही वगळून पाहावे.

एवढे झाल्यावर सिलिंडरकडे वळायचे. सर्वांत भरवशाची चाचणी म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, क्रँक घट्ट रोखून, प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडणे आणि कान लावणे. फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट, ऑइलच्या भोकातून आली तर रिंगा. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा कॉम्प्रेशन मोजण्याची पद्धत पेट्रोलपुरतीच ठेवावी. डिझेलमध्ये वरची जागा इतकी कमी असते, की आकडा फसवा येतो. जुन्या डिझेलवर एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करून कोणत्या सिलिंडरला ब्रीदरचे धपधप कमी होते ते पाहतात. कॉमन रेलला (सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनाला) हा प्रयोग कधीही करू नये. तिथला दाब हजार बारच्या वर जातो.

दोष रिंगांचाच निघाला तर कारणे बहुधा बांधणीत सापडतात. दुसऱ्या रिंगेवरची ‘टॉप’ ही खूण खाली गेलेली असते किंवा फटी एका रेषेत लावलेल्या असतात. फट बोअरच्या व्यासाच्या दर 100 मि.मी.मागे साधारण 0.3 ते 0.4 मि.मी. असावी, ती रिंग बोअरमध्ये सरकवून फिलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजतात, डब्यावरचा साइज पाहून नव्हे. होनिंगनंतर (दगडाने घासून बोअरवर बारीक खाचा पाडल्यावर) बोअर केरोसिनने पुसला तर दगडाची पूड खाचांत राहते आणि नव्या रिंगांना घासते. गरम पाणी, साबण आणि ब्रश वापरून, पांढरे फडके स्वच्छ निघेपर्यंत धुवावा, मग लगेच ऑइल लावावे.

‘पहिले काही तास नुसते आयडलवर चालू ठेवा’ हा सल्ला मात्र उलटा आहे. रिंगेला बोअरशी दाबून धरतो तो तिच्या मागे शिरलेला वायूच. भारच नसेल तर रिंग बसत नाही, बोअरवर काचेसारखी चकाकी चढते आणि ती घालवायला पुन्हा होनिंग करावे लागते. मध्यम भार देत, वेग कमी-जास्त करत गाडी चालवावी. पहिल्या काहीशे किलोमीटरांत धूर घटत गेला तर इंजिन खोलू नये.

शेतावरच्या लिस्टर पद्धतीच्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचे गणित वेगळे. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा दाबली जाणारच, म्हणून ब्रीदरमध्ये फक्त बाहेर उघडणारी पातळ चकती असते. ती उलटी बसली किंवा चिकटली, तर उत्तम रिंगांचे इंजिनही सगळीकडून ऑइल गाळते.