बूस्ट किती, हे कोणी ठरवायचे? हाताने जुळवायच्या बूस्ट कंट्रोलरची पार्श्वभूमी

टर्बोचार्जरमध्ये इंजिनातून वाया जाणाऱ्या एक्झॉस्टच्या, म्हणजे जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या, जोरावर टर्बाइन फिरते आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. वातावरणापेक्षा जास्त असलेल्या या दाबालाच बूस्ट म्हणतात. हवा वाढली की जास्त इंधन जाळता येते, त्यातून एक्झॉस्टही वाढतो, आणि त्यामुळे टर्बाइन आणखी वेगाने फिरून आणखी हवा आत ढकलते. हे चक्र स्वतःहून थांबत नाही, आणि त्याला कुठे व कोणी आवर घालायचा हा प्रश्न टर्बोच्या साऱ्या इतिहासातून वाहत आला आहे. गाडीच्या बॉनेटखाली बसणारा, हाताने फिरवायचा छोटासा बूस्ट कंट्रोलर हे त्याच प्रश्नाचे एक उत्तर आहे.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट मागितले. तिचा पहिला मोठा उपयोग विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जहाजांच्या डिझेल इंजिनांवर झाला. तिथे आवर घालण्याची निकड फारशी नव्हती, कारण जहाजाचे इंजिन तासन्‌तास जवळजवळ एकाच वेगाने चालते आणि टर्बोचा आकार त्या वेगाशी जुळवून घेता येतो. विमानांची गोष्ट वेगळी होती. सॅनफोर्ड मॉस यांनी १९१८ साली अमेरिकेतील पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंचीच्या डोंगरावर लिबर्टी नावाचे विमानाचे इंजिन नेऊन, विरळ हवेतही टर्बोच्या साहाय्याने त्याची समुद्रसपाटीवरची ताकद टिकवता येते हे दाखवून दिले. पण जो दाब उंचावर आवश्यक असतो तोच खाली इंजिनाला घातक ठरू शकतो, म्हणून विमानांच्या टर्बोंना जादा एक्झॉस्ट बाजूने सोडून देणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, आवश्यक ठरली. दुसऱ्या महायुद्धातील बी-१७ बॉम्बफेकी विमानांत या झडपांचे नियंत्रण वैमानिकाच्या हाती होते.

मोटारगाडीत टर्बो आला तो १९६२ साली, जनरल मोटर्सच्या दोन गाड्यांतून. शेव्हरोले कॉर्वेअर मोंझा स्पायडरमध्ये वेस्टगेट नव्हतेच. एक्झॉस्टच्या मार्गातील अडथळ्यामुळेच बूस्टला मर्यादा पडेल, अशी तिची रचना होती. ओल्ड्समोबील जेटफायरमध्ये वेस्टगेट होते आणि बूस्ट जेमतेम ५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, दाबाचे एकक) होता, परंतु कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण पेटण्याआधी किती पट दाबले जाते ते प्रमाण, १०.२५ इतका चढा ठेवल्यामुळे नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी आपोआप पेटून इंजिनाला बसणारे घातक ठोके, टाळण्यासाठी इंजिनात पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण सोडावे लागे. त्याची टाकी भरून ठेवण्याकडे अनेक मालकांचे दुर्लक्ष झाले आणि हे मॉडेल १९६३ नंतर बंद पडले.

पुढचा टप्पा शर्यतीच्या मैदानावर पार पडला. १९७३ सालच्या पोर्शे ९१७/३० मध्ये बूस्ट कमीजास्त करण्याची कळ थेट चालकासमोर होती, आणि मार्क डोनाह्यू यांनी ११०० हून अधिक अश्वशक्तीच्या त्या गाडीत कॅन-ॲम ही उत्तर अमेरिकेतील शर्यतींची मालिका जिंकली. हाच अनुभव पोर्शेने ९११ टर्बोत उतरवला. रोजच्या वापरासाठी टर्बो खऱ्या अर्थाने साधला तो मात्र, माझ्या मते, स्वीडनच्या साबला. १९७७ साली दाखवलेल्या साब ९९ टर्बोमध्ये टर्बो मुद्दाम लहान निवडला होता, म्हणजे तो कमी आरपीएमवरच बूस्ट देऊ लागे आणि पुढचा अतिरेक वेस्टगेट रोखून धरी.

त्या काळापासून रूढ झालेली वेस्टगेटची रचना नीट पाहायला हवी, कारण बूस्ट कंट्रोलरची सगळी युक्ती तिच्यात आहे. कॉम्प्रेसरमधून दाबलेली हवा बाहेर पडते त्या तोंडापासून एक बारीक नळी ॲक्च्युएटरच्या, म्हणजे वेस्टगेट हलवणाऱ्या यंत्रणेच्या, डब्यात जाते. डब्यात डायफ्रॅम, म्हणजे लवचीक पडदा, असतो आणि त्याला स्प्रिंगने मागे धरलेले असते. नळीतला दाब स्प्रिंगवर मात करू लागला की दांडी सरकते, वेस्टगेट उघडते आणि बूस्ट तिथेच थबकतो. ॲक्च्युएटरला इंजिनाची काहीच माहिती नसते. त्याला फक्त नळीतला दाब कळतो. त्या नळीतली हवा थोडी गळू दिली किंवा काही काळ अडवून धरली, तर ॲक्च्युएटरला खऱ्यापेक्षा कमी दाब जाणवतो आणि वेस्टगेट उशिरा उघडते. यावरून एक मर्यादाही ठरते: अशा उपायाने बूस्ट वाढवता येतो, पण स्प्रिंगने आखून दिलेल्या दाबाखाली आणता येत नाही.

ही युक्ती कारखान्यांनीही वापरली. साबने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणलेल्या एपीसी प्रणालीत नॉकिंग ओळखणारा सेन्सर होता आणि त्याच्या सांगण्यावरून एक विद्युत झडप ॲक्च्युएटरकडे जाणारा दाब बदलत असे. हौशी मंडळींनी तेच काम सेन्सरविना, हाताने केले. कोणी माशांच्या टाकीला हवा पुरवणारी छोटी झडप नळीत जोडून हवा गळू दिली. १९९० च्या दशकात अमेरिकेतील मित्सुबिशी एक्लिप्स आणि ईगल टॅलन यांच्या मालकांनी औद्योगिक सामान विकणाऱ्या ग्रेंजर कंपनीकडून दाबमुक्तीची झडप आणून नळीत बसवली, आणि तिला 'ग्रेंजर व्हॉल्व्ह' हेच नाव पडले. या झडपेत स्प्रिंगने दाबलेली गोळी ठरावीक दाबापर्यंत नळी पूर्ण बंद ठेवते. त्यामुळे तोवर वेस्टगेट किंचितही किलकिले होत नाही आणि टर्बो लवकर वेग घेतो. गोळीच्या पुढे अडकलेली हवा निघून जाण्यासाठी एक सूक्ष्म छिद्र मात्र ठेवावे लागते. आज विकत मिळणारे बहुतेक चांगले मॅन्युअल कंट्रोलर याच घडणीचे असतात.

ते बसवण्याचे आणि जुळवण्याचे नियम अंगवळणी पडले ते फुटलेल्या पिस्टनांमुळे आणि जळालेल्या गॅस्केटांमुळे. दाब कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच घ्यावा, कारण थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या, पुढे निर्वातही असतो. नळ्या आखूड, एक्झॉस्टच्या उष्णतेपासून दूर आणि पक्क्या आवळलेल्या असाव्यात, कारण ॲक्च्युएटरची नळी सुटली तर वेस्टगेट उघडतच नाही. भरवशाचा बूस्ट गेज आधी लावून, कंट्रोलर सर्वांत खालच्या टोकावर ठेवून पहिली चाचणी घ्यावी, आणि मग वरच्या गिअरमध्ये पूर्ण भार देत एकेक पीएसआयने चढावे. प्रत्येक पायरीवर हवा-इंधनाचे प्रमाण आणि नॉकिंग तपासले पाहिजे. मित्सुबिशीच्या त्या गाड्यांत येणारी हवा मोजणारा संगणक मर्यादेपलीकडे इंधनच तोडत असे. तो इशारा मानण्याऐवजी त्याला चकवणाऱ्यांची इंजिने लवकर गेली, कारण बूस्ट वाढला तरी इंजेक्टर आणि पंप तेवढेच राहिले होते.

या कंट्रोलरचा काळ ओसरला तो संगणकामुळे. १९९० च्या दशकाअखेर बॉशच्या एमई७ सारख्या प्रणालींनी थ्रॉटल, इंधन आणि बूस्ट यांचा मेळ इंजिनाकडून अपेक्षित असलेल्या टॉर्कवरून (फिरवण्याच्या जोरावरून) घालायला सुरुवात केली. मागितल्यापेक्षा जास्त बूस्ट दिसला की असा संगणक थ्रॉटल मिटतो किंवा गाडीची ताकद मुद्दाम कमी करतो, त्यामुळे तिथे बूस्ट सॉफ्टवेअरमधूनच बदलावा लागतो. विजेच्या मोटरने हलणाऱ्या वेस्टगेटला तर दाबाची नळीच नसते. आता हाताने फिरवायचा कंट्रोलर शोभतो तो हवेच्या दाबावर चालणाऱ्या साध्या ॲक्च्युएटरच्या जुन्या गाड्यांवर आणि केवळ ट्रॅकसाठी बांधलेल्या इंजिनांवर.