मधातले चित्रं कोण काढते?

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डोळ्यावर जाड चष्मा, अंगात एकच राखाडी हुडी, तीही नागपूरच्या मे महिन्यात. परवा लक्ष्मीनगरच्या घरी तो लॅपटॉप पोटावर ठेवून दिवाणावर पडला होता आणि माझी आई, म्हणजे त्याची आजी, शेजारी गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. दहा मिनिटं तिने सहन केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "गणितात पंच्याण्णव मार्क घेते हा पोरगा, अन् अजून कार्टून बघून राहिला. काय म्हणावं बाप्पा!"

"आजी, हे कार्टून नाही. अ‍ॅनिमे आहे."

"चित्रंच आहेत ना पण?"

अ‍ॅनिमे म्हणजे जपानी चलतचित्रांच्या मालिका आणि सिनेमे. हुशार, अभ्यासू पोरं तीच का बघत बसतात, हा प्रश्न आजच्या घडीला बऱ्याच घरांत पडलेला आहे. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. ज्यांना वर्गात पढाकू, किताबी किडा म्हणून चिडवतात, त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर हमखास एखादा टोकदार केसांचा, तलवार घेतलेला मुलगा सापडतो. असं का, याची तयार उत्तरं बाजारात भरपूर आहेत. कुणी म्हणतं पोरं वास्तवापासून पळतात, कुणी म्हणतं नर्डांचा मेंदूच वेगळा असतो. रील्सवाले तर काहीही असो, मेंदूतल्या एका रसायनाचं नाव घेऊन 'डोपामिन' म्हणून मोकळे होतात. पूर्वी घरात काही बिघडलं की शनीवर ढकलायचे, तसं आता डोपामिनवर ढकलतात. माझं उत्तर यापेक्षा साधं आहे आणि ते एका बारीक गोष्टीपासून सुरू होतं: अ‍ॅनिमे फार कमी हलतं.

भाच्याने ते आजीला दाखवूनच दिलं. कॉम्प्युटरवर यूट्यूबचा व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाचं बटण दाबलं की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं. एक मुलगा पुलावरून धावत होता. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. तिसऱ्यांदा दाबल्यावर पाय पुढे आला. पुन्हा दोन वेळा शांतता, मग हात. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण म्हणून २४ वेगळी चित्रं काढावी लागतात असं नाही. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तर सेकंदाला १२ पुरतात, तीन फ्रेम धरलं तर ८. माणसं बोलत असतील तर काम आणखी स्वस्त. आख्खा चेहरा गोठलेला आणि तोंडाची तीन चित्रं, मिटलेलं, अर्धं, उघडं. तीच आलटून पालटून.

आजीने चष्मा वर सरकवला. "मंग मधातले चित्रं कोण काढते?"

इतका नेमका प्रश्न मला वर्गात वर्षानुवर्षं कुणी विचारलेला नाही.

आधी पैशाची बाजू. १ जानेवारी १९६३ ला जपानी टीव्हीवर ओसामु तेझुका या चित्रकथाकाराच्या यंत्रमुलाची, म्हणजे 'अ‍ॅस्ट्रो बॉय'ची मालिका सुरू झाली. दर आठवड्याला अर्धा तास. २४ मिनिटांचा भाग धरला तरी ३४,५६० फ्रेम होतात, आणि तेवढी चित्रं आठवड्यात काढणं अशक्यच. मग काटकसर आली. एक चित्र जास्त वेळ धरायचं, एकाच स्थिर चित्रावरून कॅमेरा हळूच फिरवायचा, जुनी चित्रं पुन्हा वापरायची, मागे वेगाच्या रेघा ओढायच्या. गरजेपोटी केलेल्या या युक्त्या पुढे शैली होऊन बसल्या.

आता मधली चित्रं. शाळेतलं उत्तर असं की डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा सेकंदाचा सोळावा भाग टिकून राहते, म्हणून वेगळी चित्रं एकमेकांत मिसळून हालचाल दिसते. दृष्टिसातत्य. मीही हे अनेक वर्षं फळ्यावर लिहिलंय, आणि ते अर्धवट आहे. विचार करा, पहिलं चित्र पडद्यावर टिकून असताना दुसरं आलं तर काय दिसेल? एकावर एक दोन चित्रं. जुन्या कॅमेऱ्यात रोल पुढे सरकवायचा राहून गेला की एकाच फोटोत मामा आणि ताजमहाल दोन्ही यायचे, तसं. धावणाऱ्या मुलाला चार पाय दिसतील, पण तो धावताना दिसणार नाही. प्रतिमा टिकण्यामुळे मधला अंधार जाणवत नाही, एवढं खरं. हालचाल मात्र त्यातून निघत नाही.

ती कुठून निघते याचा पाठलाग माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने केला. १९१२ साली त्याने प्रयोग छापले. एक रेघ दाखवायची, ती विझवायची, थोड्या अंतरावर दुसरी दाखवायची. मधला काळ ३० मिलिसेकंदांच्या आसपास असेल तर दोन्ही रेघा एकदम दिसतात. २०० असेल तर आधी एक, मग दुसरी. आणि साधारण ६० असेल तर एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसते. लग्नाच्या हॉलवर लावलेली धावती झालर आठवा. दिवे खिळ्याला बांधलेले आहेत, पण उजेड पळतो.

यातली खरी गंमत माझ्या डोक्यातून अजून जात नाही. दुसरी रेघ उमटेपर्यंत मेंदूला कळूच शकत नाही की ती डावीकडे उमटणार की उजवीकडे. तरी आपल्याला मधला प्रवास 'आधी' आणि दुसरी रेघ 'नंतर' दिसते. म्हणजे दुसरं चित्र आल्यावर मेंदू मागे जाऊन मधला प्रवास लिहितो आणि त्यावर मागची तारीख टाकतो. कचेरीतले बाबू टाकतात तशी, फक्त इथे चहापाणी लागत नाही. १९७६ साली कोलर्स आणि फॉन ग्र्यूनाऊ या संशोधकांनी दोन ठिपके वेगळ्या रंगांचे घेऊन पाहिलं, तर लोकांना सरकणारा ठिपका अर्ध्या वाटेत रंग बदलताना दिसला. अर्ध्या वाटेत! दुसरा रंग तोवर दाखवलेलाच नव्हता.

हे होतं कसं? त्याचा एक सोपा नमुना हासेनश्टाइन आणि राइखार्ट या शास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये एका भुंग्याच्या नजरेवरून मांडला. तो नागपुरात बसवून सांगते. वर्धा रोडवर एक माणूस अजनी चौकात उभा करा, एक छत्रपती चौकात. दोघांनाही लाल गाडी दिसली की तिसऱ्याला कळवायचं आहे. अजनीवाल्याची चिठ्ठी पोचायला नेमकी पाच मिनिटं लागतात, छत्रपतीवाल्याचा फोन मात्र तत्काळ लागतो. तिसऱ्याला एवढंच सांगितलंय की चिठ्ठी आणि फोन एकाच वेळी आले तरच घंटा वाजव. घंटा वाजली म्हणजे गाडी पाच मिनिटांत अजनीहून छत्रपतीकडे गेली. उलट दिशेने आली तर वाजणार नाही. फार हळू आली तरी नाही. दिशा आणि वेग, दोन्ही एका घंटेत. पण तिसऱ्याने रस्ता बघितलेलाच नाही. अजनीला एक लाल गाडी दिसली आणि पाच मिनिटांनी छत्रपतीला दुसरीच लाल गाडी दिसली, तरी तो घंटा वाजवणार. ॲनिमेशनवाले आपल्याला दोन वेगळ्या लाल गाड्या दाखवतात आणि आपण घंटा वाजवत बसतो.

आपल्या मेंदूतली रचना याहून बरीच गुंतागुंतीची आहे, पण दिशा ओळखणाऱ्या पेशी खरोखर असतात. त्यातल्या पुष्कळ 'एमटी' नावाच्या भागात आहेत. १९८३ मध्ये एका स्त्री रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली, तिच्या मेंदूचा साधारण हाच भाग डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना दुखावला होता. तिला रंग दिसत, वस्तू ओळखू येत, फक्त हालचाल दिसत नसे. कपात चहा ओतताना धार बर्फासारखी गोठलेली दिसायची, मग कप भरला कधी हे कळायचं नाही. रस्त्यावर गाडी आधी लांब, मग एकदम जवळ. तिच्यापुढे जग थांबवून थांबवून दाखवलं जात होतं आणि मधातले चित्रं काढणारं कुणी नव्हतं.

आणखी एक अडचण राहते. चित्रात एक ठिपका नसतो, हजार असतात. पहिल्या चित्रातला कोणता बिंदू दुसऱ्यातला कोणता, हे मेंदूला ठरवावं लागतं. तीन फ्रेम धरलेलं चित्र १२५ मिलिसेकंद टिकतं. तेवढ्यात तलवार पडद्याच्या या टोकाहून त्या टोकाला गेली तर जोडी जुळत नाही, हालचाल तुटते. म्हणून चित्रकार मध्ये एक ताणलेलं, फरफटलेलं चित्र घालतात. ती फ्रेम थांबवून बघितली तर नायकाचं तोंड च्युइंगगमसारखं ओढलेलं, हाताला तीन कोपरं. चालू असताना हे काहीच दिसत नाही, फक्त वार सणसणीत वाटतो. भाच्याने अशा फ्रेमचा संग्रह केलाय, एक सवंगड्यांच्या ग्रुपचा फोटो म्हणूनही लावलीय.

इथेच पढाकू येतो. मधली जागा सगळ्यांचेच मेंदू भरतात, आजीचाही. त्यात हुशारी लागत नाही. काही लोकांना मात्र हे भरणं चालू असताना पकडायला आवडतं. ते व्हिडिओ थांबवतात, मोजतात, हे चित्र तीन फ्रेम धरलंय की दोन, यावर वाद घालतात. आणि अ‍ॅनिमे कमी हलत असल्यामुळे शिवणी दिसतात. मऊसूत, गुळगुळीत ॲनिमेशनमध्ये बोट घालायला फट सापडत नाही.

जे चित्राचं, तेच गोष्टीचं. चित्र हलू शकत नाही तेव्हा पात्र उभ्या उभ्या मनातल्या मनात बोलतं. तीन सेकंदांच्या लढाईत दहा मिनिटं विचार चालतात आणि त्या विचारांत नियम सांगितले जातात. 'डेथ नोट' या मालिकेत एका जादूच्या वहीत नाव लिहिलं, चेहरा डोळ्यापुढे आणला आणि मरणाचं कारण लिहिलं नाही, तर ४० सेकंदांत हृदय बंद पडतं. पुढची सगळी गोष्ट म्हणजे या नियमांतल्या पळवाटा. 'फुलमेटल अल्केमिस्ट'मध्ये काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं काही द्यावं लागतं. आमच्या भूमितीत जसं पक्ष, साध्य, सिद्धता असायचं, तसंच हे. पक्ष आधी सांगून टाकलेला असतो, साध्य समोर असतं, सिद्धता तुम्ही नायकाच्या आधी मांडायचा प्रयत्न करता. ज्याला गॅदरिंगमध्ये नाचायला लाज वाटते पण भूमितीतलं अवघड उदाहरण, म्हणजे रायडर, सोडवायला वाटत नाही, त्याला हे आवडलं तर नवल नाही.

अ‍ॅनिमेतल्या पात्रांच्या मोठ्या डोळ्यांवरही दोन शब्द. निको टिनबर्गेन या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने समुद्रपक्ष्याच्या पिलांना आईच्या खऱ्यासारख्या डोक्याऐवजी तीन पांढऱ्या पट्ट्यांची लाल काडी दाखवली, तर पिलं तिच्यावरच जास्त चोची मारू लागली. खुणा वाढवून दाखवल्या की प्रतिसादही वाढतो. भोळ्या चेहऱ्यांच्या बाबतीतही हेच होत असावं, असं मला वाटतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे नागपुरात मारबत, म्हणजे मोठा पुतळा, मिरवत निघते, तिचे डोळे बघा. ते करणाऱ्याने टिनबर्गेन वाचलेला नाही.

जपानमध्ये अशा वेड्यांना 'ओताकू' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ 'आपलं घर', आणि त्यावरून समोरच्याला फार अदबीने 'आपण' म्हणणं. ही मुलं एकमेकांशी बोलतानाही अवघडून 'आपण, आपण' करत, म्हणून १९८३ मध्ये अकिओ नाकामोरी या लेखकाने त्यांना हे नाव चिकटवलं. चिडवण्यासाठीच. त्या अवघडलेल्यांना बोलायला एक विषय मिळतो, हे कारणही मला मेंदूच्या कुठल्याही पेशीइतकंच महत्त्वाचं वाटतं. हॉस्टेलच्या पहिल्या महिन्यात भाच्याला मित्र मिळाले ते असेच, एकाच्या मोबाइलच्या कव्हरवरून.

शेजारच्या काकूंनी मध्येच सांगून टाकलं की अशा चित्रांनी पोरांना फिट येते. याला एक खरा धागा आहे. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल आणि निळा उजेड सेकंदाला साधारण १२ वेळा आलटून पालटून चमकला आणि ६८५ मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. काही मोजक्या लोकांच्या दृष्टीच्या पेशी अशा लुकलुकीला एका तालात पेट घेतात. दोष लुकलुकीचा, चित्रांचा नव्हे. आणि फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवणं थांबवा. फिट आपोआप ओसरते आणि श्रेय चपलेला जातं. माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठायचा. मिरगीवर चांगली औषधं आहेत.

राहिली आजी. तिला मी आठवण करून दिली की १९९३ साली दर रविवारी सकाळी ती आम्हाला पोह्यांच्या बश्या देऊन टीव्हीपुढे बसवायची आणि स्वतःही बसायची. दूरदर्शनवरचा तो मोगली जपानी होता. १९८९ सालची मालिका, ५२ भाग, सगळी अ‍ॅनिमे. आणि त्याच्या मूळ गोष्टीतलं जंगल आपलंच, शिवनीचं, जबलपूर रोडने इथून सव्वाशे किलोमीटर. त्यातली वैनगंगा पुढे आपल्या भंडाऱ्यातून वाहते.

"तो मोगली जपानचा होता?" आजीने शेंगांची परात बाजूला ठेवली. "लाव बरं."

भाच्याने शोधून लावला. पहिलंच धावण्याचं दृश्य आलं तसं त्याचं बोट सवयीने पूर्णविरामाकडे गेलं. आजीने हातावर चापट मारली. "मधातच नको थांबवत राहू."